उराकावाच्या खांद्यामागची दोन माणसं

कुसाबा नोबुमिची दातांच्या कवळ्या बनवतो. आमच्या कुरुमे गावातले निम्मे म्हातारे त्याच्या हातच्या दातांनी जेवतात, पण त्यातला एकही त्याला रस्त्यात ओळखत नाही. कवळी बसवतो डॉक्टर, आणि हा बसलेला असतो घरामागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर. माझ्या वरच्या दोन दाढा त्याच्याच आहेत. मी मिसाए. स्टेशनच्या मागे माझं कॉफीचं दुकान आहे आणि नोबुला मी दुसरीपासून ओळखते. त्याच्याबद्दल जे सांगेन ते जरा चिडूनच सांगेन, तेवढं चालवून घ्या. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही "हे माझं आहे, द्या इकडे" असं म्हटलं नाही, त्याच्याबद्दल न चिडता बोलणं मला जमत नाही.

आज जिथे माझं दुकान आहे तिथे आधी माझ्या आईचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान होतं. १९७६ साली आम्ही पाचवीत होतो आणि गावातली झाडून सगळी पोरं एकाच गोष्टीने झपाटलेली होती, बटाट्याच्या वेफरची पुडी. पुडीच्या पाठीवर एक छोटं कागदी पाकीट चिकटवलेलं असायचं. त्यात बेसबॉलच्या एका खेळाडूचं कार्ड, पुढे रंगीत फोटो, मागे नंबर आणि चार ओळींची माहिती. वेफर हवे होते कुणाला! पोरं पाकीट ओरबाडून घ्यायची आणि न उघडलेल्या पुड्या नदीकाठी फेकून द्यायची. हे कळल्यावर आईने दुकानात एक बाकडं आणून टाकलं. पुडी विकली की आधी पाकीट सोडवून ती स्वतःच्या एप्रनच्या खिशात घालायची.

"अन्न फेकणाऱ्याला कार्ड मिळणार नाही. इथे बसायचं, माझ्यासमोर खायचं, पुडी उलटी करून दाखवायची, मग पाकीट."

"मावशी, दोन पुड्या घेतल्या तर?"

"तर दोन्ही खायच्या. पोट तुझं आहे, मला काय."

त्या बाकड्यावर रोज गालाचे फुगे करून बसलेली दोघं म्हणजे नोबु आणि तेत्सु. तेत्सु म्हणजे यासुताके तेत्सुया. आवाजाने मोठा, मनाने मोठा, अकलेने बेताचा. तो फक्त कॅचरची कार्डं जमवायचा. कॅचर म्हणजे बॅट घेतलेल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, तोंडावर लोखंडी जाळी बांधलेला. त्यामुळे तेत्सुच्या वहीत पानामागून पान उलटलं तरी धड चेहरा एकाचाही दिसायचा नाही. चेंडू फेकणारा पिचर निघाला की तो ते कार्ड सरळ देऊन टाकायचा. "फेकायला काय, कुणीही फेकेल," म्हणायचा. नोबु मात्र आमच्या फुकुओकाच्या संघाचं जे मिळेल ते जमवायचा. हा संघ तेव्हा कायम तळाला असे, आणि दोनच वर्षांनी तो विकला गेला आणि गाशा गुंडाळून पूर्वेकडे निघून गेला. पण तेव्हा आम्हाला ते कुठे माहीत होतं.

त्या ऑक्टोबरात एका दुपारी तेत्सुच्या पाकिटातून उराकावा निघाला. उराकावा हा आमचा डावखुरा पिचर. वर्षात दोन सामने जिंकला, पुढच्या वर्षी कुठे गेला कुणाला ठाऊक.

"घे नोबु, तुझा उराकावा," म्हणून तेत्सुने कार्ड पुढे केलं आणि मध्येच हात मागे घेतला. "अरेच्चा! हा मागे तूच ना? पिवळी टोपी! आणि शेजारी तुझे बाबा! डबा खातायत!"

"दाखव."

"थांब रे. मागे काय लिहिलंय बघू. दहा मार्चचा सरावाचा सामना. दहा मार्च म्हणजे... अरे, बुधवार होता तो! तुझं पोट दुखत होतं ना त्या दिवशी? बाईंनी तुझी वही माझ्याकडे दिली होती पोचवायला!" तेत्सु आनंदाने ओरडतच सुटला. "आणि बुधवारी तुझे बाबा कारखान्यात नव्हते होय? वा! मजा आहे बुवा बाप-लेकांची!"

त्याच वेळी नोबुची आई काउंटरपाशी काड्यापेटी घ्यायला उभी होती.

"दहा मार्चला?" ती म्हणाली. मग हात पुढे करून म्हणाली, "बघू."

नोबुने तेत्सुच्या हातातून कार्ड हिसकावलं आणि फाडलं. चार तुकडे केले, मग आठ, मग बोटांना जेवढे करता आले तेवढे. तेत्सुने त्याच्या कानाखाली लावली, कारण कार्ड त्याचं होतं. माझ्या आईने दोघांना दोन बाजूंना ओढलं. नोबुची आई काड्यापेटी काउंटरवरच विसरून निघून गेली. आणि मी काय केलं? मला झाडू आणायला सांगितला, मी झाडू आणला आणि ते तुकडे लोटून टाकले. त्यातला एकही उचलून बघावा असं माझ्या मनात आलं नाही. दहा वर्षांची पोरगी दुसऱ्यांच्या बापाकडे कशाला बघेल!

बाहेर आलं ते असं. रबरी बुटांच्या कारखान्यातून नोबुच्या बाबांना फेब्रुवारीतच काढून टाकलं होतं. घरी सांगायची त्यांची छाती झाली नाही. रोज सकाळी बायकोने भरलेला डबा घेऊन ते निघत, मिळेल तिथे हमाली करत आणि महिनाअखेरीला कारखान्याच्या जुन्या पाकिटात पैसे भरून आणत. त्या एका बुधवारी मात्र नोबुला शाळेला दांडी मारायला लावून आगगाडीने फुकुओकाला नेलं. "आज मला सुट्टी आहे, आईला सांगायचं नाही," एवढंच म्हणाले. ओस पडलेल्या मैदानात दोघांनी एका डब्यात जेवण केलं. कुणीतरी उराकावाचा फोटो काढला, आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे, करड्या रिकाम्या बाकांच्या रांगेत, ही दोन डोकी आली. मसुराच्या दाण्याएवढी.

नोव्हेंबरात बाबा कामासाठी ओसाकाला गेले. पैसे पाठवत होते. तिसऱ्या वर्षी एका इमारतीच्या परांचीवरून पडले आणि राखेचा डबा घेऊन नोबुची आई परत आली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो देव्हाऱ्यात ठेवतात, तो शोधला तर घरातल्या एकाही फोटोत बाबा नव्हते, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. मान ताठ, ओठ मिटलेले, जणू कुणी दरडावून बसवलंय. पुढची पंचवीस वर्षं नोबुची आई त्या फोटोसमोर भात ठेवत आली, आणि मधूनच एखाद्या दिवशी विचारायची, "त्या कार्डात कसे दिसत होते रे ते?"

"टोपी दिसली. डबा दिसला," नोबु म्हणायचा.

"आणि चेहरा?"

चेहरा बघायच्या आधीच त्याने फाडलं होतं. तो मला एकदा म्हणाला, "मिसाए, मला त्या दिवसातलं सगळं आठवतं. डब्यातलं अंडं बाबांनी बोटाने अर्धं केलं ते आठवतं. बाबांचा चेहरा तेवढा आठवत नाही. आठवायला गेलं की देव्हाऱ्यातला फोटोच येतो समोर. नोकरी जाऊन महिना झाला होता, आणि मला घेऊन बसले होते तिथे. हसत होते की नाही, एवढंच मला बघायचंय." त्याला दुसरं काही नको होतं. संग्रह वगैरे सगळं झूट. लोकांना वाटायचं, दातवाल्या कुसाबाला जुन्या कार्डांचं वेड आहे. वेड नव्हतं ते, त्याला बापाचा चेहरा हवा होता.

तेत्सुशी त्याने बोलणं टाकलं ते वीस वर्षं. एवढ्याशा गावात, एकाच शाळेत, वीस वर्षं! तेत्सु पुढे शाळेच्या संघात कॅचर झाला, आणि जाळी न लावता फुशारकी मारायला गेला तेव्हा पुढचे तीन दात घालवून बसला. त्या जागी बसवलेले दात तिशीत निखळले, तेव्हा तो आमच्या स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्याच्या तोंडाचा साचा, वर नावाची चिठ्ठी लावून, नोबुच्या टेबलावर येऊन पडला. नोबुने ते काम आठ दिवस केलं. एरवी दोन दिवसांत करतो. दात बसवल्यावर तेत्सुने डॉक्टरला विचारलं, एवढं झकास काम कुणाचं? आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन नोबुच्या समोरच्या खुर्चीत धपकन बसला.

"चावता येतंय," तो म्हणाला.

"डावीकडे उंच वाटतं का?"

"नाही."

"वाटलं तर सांग. घासून देईन."

झालं, एवढ्यावर मिटलं. मी काउंटरमागे रडत होते आणि या दोन गाढवांना तेवढंच बोलायला सुचलं. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघं माझ्याकडे वह्या घेऊन बसू लागले. तेत्सु तोवर बालवाडीची बस चालवायला लागला होता, हत्तीचं तोंड रंगवलेली. गप्पा मारायचा, हसायचा, पण "माझं चुकलं" एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत, तोंडात नोबुचेच दात असूनसुद्धा. नोबुनेही कधी विषय काढला नाही. फक्त एकदा, नोबु हात धुवायला गेला असताना, तेत्सु मला हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं तर त्याचे बाबा ओसाकाला गेले नसते, नाही का?" मी म्हटलं, "कॉफी गार होतेय तुझी."

शोध चालूच होता. हे कार्ड त्या वर्षीच्या शेवटच्या खेपेतलं, आमच्या क्युशू बेटापुरतंच काढलेलं, म्हणून मुळातच थोडं. नोबु जुनी कार्डं विकणाऱ्यांना पत्रं लिहायचा, नंतर संगणकावर शोधायला लागला. नागोयाच्या एका दुकानात उराकावा आहे असं कळलं म्हणून काम टाकून तिथे गेला, तर तो दुसराच फोटो, उराकावा टोपी सावरतोय आणि मागे नुसतं आकाश. मग हिरोशिमाच्या एका शिक्षकाने पत्र लिहिलं की तेच कार्ड आहे, नंबर तोच. नोबु जाऊन घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. कुणा पोराने वहीत चिकटवण्यासाठी उराकावाला कात्रीने बाहेरून छान कापून काढलं होतं. हात, पाय, टोपी, सगळं जागच्या जागी. फक्त मागचं मैदान नव्हतं.

"कापणाऱ्याचा हात चांगला आहे," नोबु म्हणाला. "बोटांच्या मधूनसुद्धा नीट कापलंय."

"तू माणूस आहेस की कोण आहेस?" मी ओरडले. "शिव्या घाल त्याला!"

"सात-आठ वर्षांचा असेल गं तो," नोबु म्हणाला, आणि कापलेला उराकावा वहीत ठेवून दिला. तेत्सु त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उठून गेला.

दोन हजार सोळा सालच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी तेत्सुचा मला फोन आला. "मिसाए, या रविवारी नोबुला दांडी मारू देऊ नकोस. काहीही झालं तरी त्याला बसवून ठेव."

"का? काय काढलंयस?"

"सांगत नाही. आणि त्याला म्हणावं, कामाचं भिंग घेऊन ये."

मी नोबुला निरोप दिला. तो म्हणाला, तेत्सुला नवा कॅचर मिळाला असेल, जाळीतून डोळे दिसणारा. आम्ही दोघं हसलो. शुक्रवारी दुपारी पोरांना घरोघरी सोडून तेत्सुने हत्तीची बस बालवाडीच्या आवारात लावली, हँडब्रेक ओढला आणि खुर्चीतच गेला. हृदय थांबलं. एकावन्न वर्षांचा होता.

बायको आधीच गेलेली. एकच मुलगी, चिहारु, कुमामोतोला नर्स. धावत आली आणि एकटीने सगळं उभं केलं. अंत्यविधी रविवारी ठरला. म्हणजे आमच्या बैठकीचाच रविवार.

शवपेटीचं झाकण लावायच्या आधी सगळ्यांना फुलं वाटतात आणि एकेक जण ती आत ठेवतो. सोबत गेलेल्याच्या आवडीच्या वस्तूही ठेवतात. चिहारुने बापाचा जुना कॅचरचा चामड्याचा हातमोजा आणला होता. पण अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने नम्रपणे सांगितलं की चामडं चालत नाही, धातू चालत नाही, कागद असेल तर ठेवा. म्हणून बालवाडीच्या पोरांनी काढलेली हत्तीची चित्रं ठेवली होती, पायाशी थप्पी करून. आणि तेत्सुच्या जुळवलेल्या बोटांमध्ये एक कार्ड खोचलं होतं.

रांगेत नोबु माझ्या पुढे होता. हातात पांढरं शेवंतीचं फूल घेऊन तो वाकला आणि तसाच थांबला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. निळा पोशाख. डावा हात वर उचललेला. खांद्यामागे करड्या रिकाम्या रांगा, आणि त्या रांगांमध्ये एक पिवळा ठिपका.

तेत्सु पिचरचं कार्ड कधी ठेवत नसे. जन्मात नाही. मला एका क्षणात सगळं कळलं, भिंग का, रविवार का. नोबुला तर माझ्याआधी कळलं असणार.

चिहारु पेटीच्या पलीकडे उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "काका," ती म्हणाली, "हे बाबांचं सगळ्यात लाडकं. कपाटात वेगळ्या पाकिटात जपून ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात मला फोन करून सांगत होते, 'चाळीस वर्षं शोधत होतो गं, सापडलं एकदाचं.' इतके खूश होते! म्हणून म्हटलं, हेच त्यांच्याबरोबर देऊ."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी बोलणारच होते. आयुष्यभर नको तिथे बोलत आलेय, आणि इथे तर बोलायलाच हवं होतं. तेवढ्यात नोबुने मागे हात करून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की माझ्या बांगडीचा वळ उठला.

"चांगलं केलंस पोरी," तो म्हणाला.

मग त्याने चष्मा काढला. नोबुला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, तो काम करतो तेही चष्मा काढूनच. तो पेटीत खाली वाकला, पार तेत्सुच्या छातीपर्यंत, आणि तसाच राहिला. मागच्या लोकांना वाटलं, मित्राच्या कानात काहीतरी सांगतोय. बालवाडीच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मी मनात मोजत होते. पंधरा, सोळा, सतरा. शेवटी त्या व्यवस्थेवरच्या माणसाने हलकेच घसा खाकरला. नोबु उठला, फूल तेत्सुच्या कोपराशी ठेवलं, कार्डावर येणार नाही असं, आणि बाजूला झाला. माझी पाळी आली तेव्हा मागून रेटा आला आणि माझं फूल नेमकं त्या बोटांवर पडलं. हलवायला गेले तर पुढची बाई फुलं घेऊन आलीच होती. बघता बघता छातीवर सगळी फुलंच फुलं झाली.

पेटी उचलायला सहा पुरुष लागतात. तेत्सुचे नातेवाईक चारच होते. चिहारु म्हणाली, "काका, तुम्ही धराल?" नोबुने पेटी धरली. आपल्या बापाला चाळीस वर्षं शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातांनी ते कार्ड गाडीपर्यंत नेलं. मी त्याच्या मागून चालत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. निघताना रिवाजाप्रमाणे गाडीने लांबलचक हॉर्न दिला.

स्मशानात आम्हा दोघांना चिहारुने मुद्दाम बरोबर घेतलं. गाडीत मी नोबुच्या कानाशी लागले. "अजून वेळ आहे. भट्टीचं दार बंद व्हायच्या आत एक शब्द टाक. पोरगी समजूतदार आहे. स्वतः काढून देईल."

"देईल," नोबु म्हणाला.

"मग?"

"मग तिला आयुष्यभर वाटत राहील की आपण चुकीचं ठेवलं. मुलीने बापाच्या हातात दिलेलं मी काढून घेऊ?"

"तिला माहीत नाही म्हणून दिलं तिने! ते तुझं आहे! तेत्सुने तुझ्यासाठी आणलं होतं!"

"कळलं मला," तो म्हणाला. "तेत्सुला माहीत आहे, मला माहीत आहे. पुरे." आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. असा राग आला मला! त्याचा नाही, कुणाचा तेही सांगता येत नव्हतं. चिहारुवर रागावू? तिने जे केलं ते आमच्यातल्या कुणीही केलं असतं. जिवापाड जपलेलं तेच तर बरोबर द्यायचं असतं. तेत्सुवर रागावू? एक दिवस आधी दिलं असतंस तर मेल्या! पण मेलाच होता तो.

दार बंद झालं. अस्थी वेचायला बोलावेपर्यंत दीड तास थांबायचं असतं. थांबायच्या खोलीत चहा होता, भाताचे गोळे होते, कुणी खात नव्हतं. चिहारु आमच्या समोर येऊन बसली.

"काका, मला बाबांच्या कार्डांतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "लहानपणी मी त्यांना हसायची, म्हणायची कागद कसले जमवता. आता वाटतं, ऐकून घेतलं असतं तर बरं झालं असतं. योग्य तेच ठेवलं ना मी? तुम्हाला माहीत असेल."

नोबु म्हणाला, "योग्य तेच ठेवलंस. त्याच्या सगळ्या कार्डांत तेवढंच एक तसं होतं."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. चिहारुच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तिने पहिल्यांदा चहा घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यात मागे एक माणूस आणि टोपीवाला मुलगा होता. मी पाहिलं ठेवताना."

नोबुने कप खाली ठेवला. "तो माणूस," तो म्हणाला, "तो हसत होता का?"

तेव्हा मला कळलं. वाकून सतरा मोजेपर्यंत तो राहिला खरा, पण त्याचे डोळे भरून आले होते. चष्मा काढलेला, डोळ्यात पाणी. त्याला काही दिसलंच नव्हतं.

चिहारु आठवत राहिली. "नाही हो काका, नीट लक्षच गेलं नाही. टोपी पिवळी होती एवढं आठवतं. का?"

"काही नाही. असंच."

तिला कुणीतरी सह्यांसाठी बोलावलं म्हणून ती उठून गेली. नोबु हात मांडीवर ठेवून बसला होता. एकावन्न वर्षांचा माणूस, पण शाळेबाहेर काढलेल्या पोरासारखा दिसत होता. मला ते बघवेना.

"हसत होते," मी म्हटलं. "मी पाहिलं ना तुझ्या खांद्यावरून. चांगले हसत होते."

मी पाहिलं नव्हतं. पिवळ्या ठिपक्याच्या पलीकडे माझी नजर गेलीच नव्हती.

"खरंच?"

"अगदी खरं. तोंडभर हसत होते. दात दिसत होते."

"सगळे?"

"सगळे," मी म्हटलं. "पांढरेशुभ्र."

किटली उचलून त्याने माझ्या कपात चहा ओतला, काठोकाठ, न सांडता.

"बाबांचे पुढचे दोन दात नव्हते गं," तो म्हणाला.